बॉनेटवर हात

पहिल्यांदा गेले ती दुपारी दीडला, आणि तिथंच चुकले.
नागपूरचा मे. ऑटोमोटिव्ह चौकापुढचं ते आवार.
चालू गाडी, बंद गाडी, मेलेली गाडी,
सगळ्यांचं बॉनेट सारखंच भाजतं.
"रात्रीपासून हात नाही लावला, मॅडम," ठवकर म्हणाला,
"एका सेल्फमध्ये उठते."
उठली.
त्यातून काय कळणार?

एकतीस वर्षं मी वजनमापांची इन्स्पेक्टर होते.
इतवारीतले काटे, कळमन्यातले भुईकाटे,
पंपावरचं पाच लिटरचं माप.
वजन उलटं करायचं, बुडाचं शिसं बघायचं:
कुणी कोरलंय का, कुणी भरलंय का.
माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी.

बस शाळेची. बत्तीस सीटची.
मला तिच्यात एक पलंग हवाय, एक शेगडी,
पुस्तकांची फळी, आणि मागची मोठी काच
जिच्यातून सुटलेली गावं पडल्यापडल्या दिसतील.
"घरच बनवायचं ना? मग कायचं टेन्शन!
इंजिन मक्खन. एकाच डायव्हरच्या हातची.
बेचाळीस हजार चालली फक्त.
मी काय खोटं बोलून राहिलो का?"

'फक्त' हा शब्द मी बाजूला काढून ठेवला.
मीटर बेचाळीस हजारच दाखवत होतं,
आणि क्लचच्या पेडलचं रबर
झिजून जिभेसारखं गुळगुळीत.
गिअरच्या मुठीवरचा तिसरा आकडा पुसलेला.
दिवसाचे चाळीस किलोमीटर, वर्षाचे दोनशे दिवस, बारा वर्षं:
जुन्या पावतीच्या पाठीवर गुणाकार केला.
शहाण्णव हजार.
वजाबाकी ठवकरने आधीच करून ठेवली होती.

पर्समध्ये चुंबक असतो माझ्या, सवय.
रुमालात गुंडाळून पत्र्यावर फिरवला.
दारापाशी धरला, खिडकीखाली धरला,
मागच्या चाकाच्या कमानीवर
टपकन खाली पडला.
तिथं लोखंड नव्हतंच. लांबी भरलेली,
वर हळदीच्या दिवसासारखा पिवळा रंग.
"नवाकोरा कलर मारला," तो म्हणाला,
गुण सांगावा तसा.

दुसऱ्यांदा न सांगता गेले, पहाटे साडेपाचला.
नागपुरात मे महिन्यात लोखंड
तेवढ्या एका तासापुरतंच खरं बोलतं.
ठवकर तोंडात ब्रश घेऊन उभा.
मी बॉनेटवर तळहात ठेवला.
कोमट.
नुकतंच कुणी उठून गेलेल्या गादीसारखं.
"ते... पोरानं फिरवली थोडी," फेसातून आवाज आला.

बाजेवरून गेंदलाल उइके उठला, आवाराचा राखणदार,
पूर्वी याच बसवर पोरांना चढवायचा-उतरवायचा.
त्याला कुणी विचारलं नव्हतं.
"थंडीत लवकर उठत नाही बाई ती, तीन-चारदा मारा लागते.
अन् डावीकडची शेवटची खिडकी गळते.
तिथं मी कोण्याच लेकराला बसवत नव्हतो."
ठवकरनं त्याच्याकडे असं पाहिलं
की मला कळलं, हे माप बरोबर आहे.

घासाघीस मी लगेच सुरू करायला हवी होती.
पण हात बॉनेटवरच राहिला,
कारण मार्चमध्ये मी माझा मानकापूरचा फ्लॅट विकला,
याच बससाठी.
न्हाणीघराच्या भिंतीला आधी पुट्टी, मग हस्तिदंती रंग.
घेणारी एक तरुण मुलगी होती, नंदनवारांची.
तिनं त्या भिंतीवर असाच हात ठेवला,
बराच वेळ.
"ओल येते का हो काकू?"
"यंदा तरी नाही आली," मी म्हणाले.
पावसाला तीन महिने होते.

"कमानीच्या पत्र्याचे पैसे कापा," मी ठवकरला म्हटलं,
"खिडकीचे कापा.
आणि कागदावर शहाण्णव हजार लिहा, तुमच्या हातानं."
तो हसला. "लिहून काय होते, मॅडम?"
"काही नाही होत.
उद्या मला विकायची वेळ आली,
तर निदान वाचून दाखवता येईल."

गेंदलालनं पेन आणून दिलं.
पहिल्यांदा उमटलं नाही.
तीन-चारदा मारावं लागलं.